काजळी धरणारं यंत्र

हिवाळ्यात भल्या पहाटे पुण्यातल्या महात्मा फुले मंडईच्या मागं उभं राहावं. नाकाला दोन धूर वेगळे कळतात: भाजी उतरवताना चालूच ठेवलेल्या टेम्पोचा एक, कोपऱ्यातल्या शेकोटीचा दुसरा. बोटावर मात्र दोन्हींची काजळी सारखीच काळी. नाकाची ही पारख आकड्यांत उतरवणारं यंत्र म्हणजे इथॅलोमीटर.

नाव ग्रीक, अर्थ काजळीनं काळं करणं. अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत टोनी हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते घडवलं. युक्ती मात्र आपल्या आजीचीच. ती दिव्यावर वाटी पालथी धरून काजळ धरायची. इथं वाटीच्या जागी फिल्टरची पांढरी पट्टी. पंप तिच्यातून हवा ओढतो, ठिपका काळवंडत जातो. वरून उजेड टाकायचा आणि ठिपक्यातून किती पार झाला, कोऱ्या भागातून किती, हे ताडून पाहायचं. ठिपका फारच काळा झाला की पट्टी पुढं सरकते.

दिवे सात, 370 नॅनोमीटरच्या अतिनीलापासून 950 च्या अवरक्तापर्यंत. काळा कार्बन, म्हणजे काजळी, 880 वर वाचतात, कारण तिथं उजेड गिळणारं दुसरं फारसं कुणी नसतं. गंमत 370 वर आहे. तरंगलांबी निम्मी केली की डिझेलच्या काजळीचं शोषण साधारण दुप्पट होतं. लाकडाच्या धुरात तपकिरी सेंद्रिय कणही असतात. त्यांना अतिनीलाची भूक मोठी, म्हणून या धुराचं शोषण चौपटीपर्यंत जातं. नाकाला कळलेला फरक तो हाच.

यंत्रात खोटही आहे. आधी बसलेले कण मागून आलेल्यांवर सावली धरतात, त्यामुळे ठिपका जुना होईल तसा आकडा कमी दाखवतो. म्हणून नव्या यंत्रात दोन ठिपके असतात, एक भराभर काळा होणारा, एक सावकाश. दोघांच्या तफावतीवरून चूक पकडतात.

पुण्यात या मोजणीचं घर म्हणजे पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. तिथल्या नोंदींत काळा कार्बन हिवाळ्यात चढतो आणि पावसाळ्यात धुऊन निघतो. थंडीत गार हवा जमिनीलगत बसते, वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा राहतो, धुराला वर जायला वाटच नसते.

एक प्रश्न मला मंडईतच पडतो. यंत्राच्या हिशेबाला खाती दोनच, खनिज इंधन आणि लाकूडफाटा. मग इथल्या शारदा-गजानन गणपतीपुढच्या उदबत्तीचा धूर? तो बहुधा शेकोटीच्याच खात्यावर पडेल.