ओसाड धान्यकोठारें आणि त्यांचीं छायाचित्रें

बंद पडलेल्या कारखान्यांत हिंडून त्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद अलीकडे अनेक देशांत वाढला आहे. हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्या इमारतींमुळें या छंदास प्रतिष्ठा लाभली, त्यांत शेतकऱ्यांच्या धान्याचीं कोठारें अग्रभागीं आहेत. म्हणून अमेरिकेंतील बफेलो शहराची हकीकत येथें थोडक्यांत देत आहों.

हें शहर ईरी सरोवराच्या कांठीं आहे. सन १८२५ मध्यें ईरी कालवा पुरा झाला व पश्चिमेकडील धान्य जलमार्गानें न्यूयॉर्ककडे जाऊं लागलें. सरोवरांतील मोठ्या गलबतांतून तें उतरवून कालव्यांतील नावांत भरावें लागे. हें काम मजूर पाठीवर ओझीं वाहून करीत. सन १८४२-४३ मध्यें जोसेफ डार्ट या व्यापाऱ्यानें रॉबर्ट डनबार या यंत्रज्ञाच्या साहाय्यानें वाफेच्या शक्तीवर चालणारें कोठार बांधलें. आपल्या रहाटगाडग्याची माळ जशी विहिरींत फिरते, तशी पट्ट्यावर बसविलेल्या डब्यांची माळ गलबताच्या पोटांत सोडून धान्य वर उचललें जाई. लांकडी कोठारांस आगीचें भय फार. म्हणून पुढें पोलादाचीं आणि शेवटीं काँक्रीटचीं प्रचंड नळकांडीं उभीं राहिलीं.

या उंच, अलंकारहीन भिंतींनीं युरोपांतील वास्तुशिल्पज्ञांस मोहिनी घातली. जर्मनींत वॉल्टर ग्रोपियस यांनीं १९१३ सालीं अमेरिकेंतील धान्यकोठारांचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. पुढें चंडीगडची रचना करणारे ल कॉर्ब्युझिए यांनीं १९२३ च्या आपल्या ग्रंथांत अशींच चित्रें छापलीं. एरिक मेंडेलसोन तर १९२४ सालीं स्वतः कॅमेरा घेऊन बफेलोस गेले. बेर्न्ट व हिला बेचर या जर्मन दांपत्यानें १९५९ पासून खाणी, भट्ट्या, पाण्याच्या टाक्या व धान्यकोठारें यांचीं हजारों चित्रें घेतलीं. ढगाळ प्रकाश, समोरून घेतलेलें चित्र, माणूस कोठेंही नाहीं. आणि एकाच जातीच्या इमारती शेजारीं शेजारीं मांडलेल्या. त्यामुळें रचनेंतील फरक पाहणाऱ्याच्या सहज ध्यानीं येतात.

सन १९५९ मध्यें सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला. धान्याचीं जहाजें बफेलोस न थांबतां समुद्राकडे जाऊं लागलीं आणि तेथील कोठारें एकामागून एक ओस पडलीं. सुमारें पाव मैल लांबीचें काँक्रीट सेंट्रल कोठार १९६६ पासून रिकामें आहे. सन १८९७ मध्यें बांधलेल्या ग्रेट नॉर्दर्न कोठाराची विटांची भिंत डिसेंबर २०२१ च्या वादळांत कोसळली. तें वांचविण्यासाठीं नागरिक न्यायालयांत गेले, तरी अखेर तें पाडण्यांत आलें. आतां छायाचित्रांवरच समाधान मानावें लागतें.

परंतु छायाचित्रांत भिंत दिसते, भिंतीआडचा हिशेब दिसत नाहीं. शिकागो येथील कोठारवाल्यांनीं आपसांत संगनमत करून साठवणुकीचे दर ठरविले, तेव्हां शेतकऱ्यांनीं चळवळ केली. इलिनॉय संस्थानानें १८७१ सालीं कायद्यानें कमाल दर बांधून दिला. आणि सार्वजनिक हिताशीं संबंध असलेल्या धंद्यावर असें नियंत्रण घालतां येतें, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८७७ सालीं दिला. ज्यास हें ठाऊक आहे, त्यास त्या ओसाड भिंतींत निव्वळ सौंदर्याहून अधिक कांहीं दिसेल.

आपल्या कापूसपट्ट्यांतही जुने जिनिंग-प्रेसिंग कारखाने बंद पडलेले आढळतात. तेथील यंत्रें मोडींत जाण्यापूर्वीं आमच्या वाचकांपैकीं उत्साही तरुणांनीं त्यांचीं चित्रें घ्यावीं, अशी आमची सूचना आहे. मालकाची परवानगी अवश्य घ्यावी. एकट्यानें जाऊं नये. कुजलेल्या तक्तपोशीवर व उघड्या खड्ड्यांजवळ पाऊल टाकूं नये. चित्रामागें गांव, तारीख व यंत्राचें नांव लिहावें. शिवाय ज्यांनीं तेथें कापूस घातला त्या वृद्ध शेतकऱ्यांस वजन कसें होई, कट किती धरीत, पैसे केव्हां मिळत, हें विचारून टिपून ठेवावें. भिंती पडल्यावरही चित्रें राहतील; पण हे जाणते लोक गेल्यावर तो हिशेब सांगणारें कोणी उरणार नाहीं.