गच्चीवरची थाळी : भिवंडीकरांनी काय निवडावे?

भिवंडीहून एका वाचक भगिनींनी आम्हांस विचारले आहे की, घरात तीन पिढ्यांची दहा माणसे, केबलचे मासिक भाडे वाढतच चालले, आणि सासऱ्यांना तर 'सह्याद्री'वरील बातम्यांवाचून दुसरे काही नको. तेव्हा गच्चीवर पडून असलेली अॅल्युमिनियमची जुनी अँटेना पुन्हा उभी करावी काय? बाजारातील एका दुकानदाराने तर 'नवी डिजिटल अँटेना' म्हणून तसलाच एक सांगाडा त्यांच्या गळ्यात बांधावयाचा घाट घातला होता. हा प्रश्न पुष्कळ घरांतला असल्यामुळे त्याचे उत्तर जरा विस्ताराने देत आहो.

ती जुनी अँटेना उभारू नये. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हापासून भिवंडीच्या छपरांवरील या सांगाड्यांची तोंडे वरळीच्या मनोऱ्याकडे, म्हणजे नैर्ऋत्येस, वळलेली असत. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. लहरी मीटरांत मोजाव्या इतक्या लांब, म्हणून दांड्याही लांब. आणि वाटेतील टेकड्यांवर वा इमारतींवर आपटून आलेली लहर किंचित उशिरा पोचली म्हणजे पडद्यावर एकाच निवेदिकेच्या दोन निवेदिका दिसत. कावळा बसून दांडी फिरली की घरातील एखाद्या मुलाने छपरावर चढावे व खालून सर्वांनी 'आले, आले, गेले!' असा घोष करावा, हे ज्यांनी अनुभविले आहे त्यांस अधिक सांगणे नको. परंतु ते प्रक्षेपण आता राहिलेले नाही. प्रसार भारतीने सीमेवरील वगैरे मोजकी ठिकाणे वगळून ही जुनी केंद्रे टप्प्याटप्प्याने मार्च २०२२ पर्यंत मिटविली. २०१६ साली मुंबईसह सोळा शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले खरे. पण त्यास लागणारा ग्राहक आपल्याकडील सामान्य संचांत नसे, त्यामुळे ते घरोघरी रुजले नाही. आमच्या मते त्याच्या भरवशावर पैसे घालणे शहाणपणाचे नव्हे.

आज विनामूल्य दूरदर्शन घरी आणावयाचे तर ते आकाशातून. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झालेली आणि आता 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाणारी सरकारी सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. थाळी, तिच्यापुढील एल.एन.बी., तार व सेट-टॉप बॉक्स यांचा खर्च एकदाच करावा लागतो. मासिक वर्गणी मुळीच नाही. 'सह्याद्री' तीत आहेच. बॉक्स घेताना एम्पेग-४ जातीचा घ्यावा, कारण जुन्या जातीच्या बॉक्सवर कमी वाहिन्या दिसतात.

येथे खरा प्रश्न थाळीचा नसून जागेचा आहे. भिवंडीहून हा उपग्रह जवळजवळ थेट आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर असतो. म्हणजे वरळीकडे तोंड केलेल्या जुन्या काठीचा काटकोनात विचार करावा लागतो. ब्राह्मण आळीसारख्या जुन्या वस्तीत कौलारू घराला खेटून पाच मजली इमारत उभी असली आणि ती नेमकी त्याच बाजूस असली, तर कितीही भारी थाळी आणली तरी व्यर्थ. जागा पारखण्याची एक बिनखर्ची युक्ती आहे. दरवर्षी १२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास अकराच्या किंचित आधी सूर्य भिवंडीकरांच्या दृष्टीने बरोबर त्या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या घटकेस गच्चीच्या ज्या कोपऱ्यावर ऊन पडले असेल तेथे थाळी बसवावी. जेथे शेजारच्या भिंतीची, टाकीची वा नारळाच्या झावळ्यांची सावली असेल तेथे बसवू नये. (ज्यांच्याकडे थाळी आधीच आहे, त्यांना त्या दिवसांत काही मिनिटे चित्र बिघडलेले दिसेल. तो सूर्याचा उपद्रव होय. कारागिरास बोलावू नये.) एरवी होकायंत्र व कोनमापक यांनी काम भागते.

दुसरी गोष्ट पावसाची. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरांच्या; कोकणातला आषाढी पाऊस त्यांना वाटेतच गिळतो. ६० सेंटिमीटरची थाळी उन्हाळ्यात उत्तम चालते आणि ऐन मुसळधारेत, कामवारीला पाणी किती चढले हे ऐकावयाची निकड असते त्या वेळी, चित्र गोठते. ९० सेंटिमीटरच्या थाळीचे क्षेत्रफळ सव्वादोन पट भरते. तिने ही अडचण नाहीशी होत नाही, परंतु पुष्कळ कमी होते. आम्ही तर तीच घ्यावी म्हणू. मात्र ती वारा धरते आणि जरा हलली की चित्र जाते, म्हणून अँटेनाच्या जुन्या बारीक काठीवर ती चढवू नये. सिमेंटच्या भिंतीत किंवा स्लॅबमध्ये पक्के बोल्ट मारावेत. आणि अशा दिवशी घरात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ असू द्यावा.

एकत्र कुटुंबात एक प्रश्न उरतोच : माजघरात कीर्तन आणि वरच्या खोलीत क्रिकेट. एका बॉक्सवर दोन संच जोडले तर दोहोंवर एकच वाहिनी दिसेल. त्यासाठी दोन तोंडांची एल.एन.बी. घेऊन दोन तारा व दोन बॉक्स ठेवावेत. थाळी मात्र एकच पुरते. तार घरात शिरण्यापूर्वी भिंतीबाहेर तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी बॉक्सपर्यंत न येता तेथेच गळून पडते.