सुवाह्य इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची तपासणी

सुवाह्य इलेक्ट्रॉनिक वजनकाटा हा बॅटरीवर चालणारा आणि उचलून नेता येणारा काटा होय. नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या हंगामात असे काटे थेट बागेत वापरले जातात. २० किलोच्या प्रत्येक क्रेटमागे काट्याने १०० ग्रॅम कमी दाखवले, तर ५ टन मालामागे २५ किलोंची नोंदच होत नाही. म्हणून काटा सुरू असणे आणि तो अचूक असणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

रचना

ताटाखालील धातूच्या लोडसेलवर चार स्ट्रेन गेज व्हीटस्टन सेतूच्या स्वरूपात जोडलेले असतात. भाराने धातू किंचित वाकतो व गेजचा रोध बदलतो. २ मिलिव्होल्ट प्रतिव्होल्ट क्षमतेच्या लोडसेलला ५ व्होल्ट पुरवठा दिल्यास पूर्ण भाराला केवळ १० मिलिव्होल्ट संकेत मिळतो. त्यामुळे ओलावा किंवा सैल जोडणीचाही वाचनावर परिणाम होतो.

वजनांनी तपासणी

काटा सपाट, वारा न लागणाऱ्या जागी समपातळीत ठेवून शून्य पाहावे. एकच वजन अनेकदा ठेवून वाचनातील सातत्य तपासावे. नंतर क्षमतेच्या एक तृतीयांश वजन ताटाच्या चारही भागांत आळीपाळीने ठेवावे. वाचनांत मोठा फरक आढळल्यास ताट अडकणे, पाया डळमळणे किंवा लोडसेल बिघडणे ही कारणे संभवतात.

३० किलो क्षमतेच्या, ५ ग्रॅम पडताळणी अंतराच्या तिसऱ्या अचूकता वर्गातील काट्याला पडताळणीच्या वेळी २.५ किलोपर्यंत २.५ ग्रॅम, १० किलोपर्यंत ५ ग्रॅम आणि त्यापुढे ७.५ ग्रॅम त्रुटी कमी-अधिक चालते. वापरातील काट्याला ही मर्यादा दुप्पट असते.

विद्युत तपासणी

काटा सुरूच होत नसेल, तर प्रथम चार्जर, फ्यूज व बॅटरी तपासावी. ६ व्होल्टची बॅटरी मोकळी असताना योग्य दाब दाखवते, पण जुनी झाल्यास भार पडताच तो घसरतो. म्हणून मापन काटा चालू ठेवून करावे.

आकडे अस्थिर असल्यास लोडसेल मंडलापासून सोडवून रोध मोजतात. ३५० ओहम प्रकारात संकेताच्या दोन तारांमध्ये सुमारे ३५०, तर पुरवठ्याच्या तारांमध्ये त्याहून काहीसा अधिक रोध मिळतो. अनंत रोध म्हणजे तार तुटलेली. तारा व धातू यांमधील रोध हजार मेगाओहमच्या वर असावा. तो घटल्यास ओलावा शिरल्याचा संशय घ्यावा. रिकाम्या ताटावर संकेत शून्यापासून बराच दूर असल्यास अतिभाराने धातू कायमचा वाकलेला असू शकतो.

स्थानाचा परिणाम

लोडसेल वस्तुमान नव्हे, तर बल मोजतो. नाशिकचे गुरुत्वत्वरण दिल्लीपेक्षा सुमारे ०.०७ टक्के कमी आहे. दिल्लीत जुळवलेला काटा फेरजुळणीविना नाशिकला आणल्यास ३० किलोमागे सुमारे २० ग्रॅम कमी दाखवतो. अशा काट्यात कोणताही विद्युत दोष सापडत नाही. प्रमाणित वजनांनीच चूक उघड होते.

कायदेशीर बाजू

व्यापारात वापरल्या जाणाऱ्या काट्यांना वैधमापन अधिनियम, २००९ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी व मुद्रांकन दर १२ महिन्यांनी करावे लागते. मोहर तोडून करायची दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीकारानेच करावी आणि त्यानंतर काट्याची फेरपडताळणी करून घ्यावी लागते. मोहर न तोडता वजनांनी केलेली तपासणी मात्र कोणीही करू शकतो.