इंजिन नसलेली गाडी आणि शिरोलीची भट्टी

शिरोलीच्या फाउंड्रीत लोखंडाचा लाल रस साच्यात ओतला, की थंड झाल्यावर वाळूतून जे बाहेर येतं ते पुष्कळदा इंजिनाचंच असतं. सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील. कोल्हापूरचं उद्यमनगर वाढलं तेच मुळी ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीवर आणि सुट्या भागांवर; या उद्योगाचे आद्य कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव तिथे आजही आदरानं घेतात. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा औद्योगिक वसाहती झाल्या. आज जिल्ह्यात सुमारे तीनशे फाउंड्र्या आहेत. म्हणून टाटा मोटर्सनं विजेची गाडी कशी घडवली, हे कोल्हापूरकरानं नीट समजून घ्यायला हवं. त्या गाडीत इंजिनच नाही.

सुरुवात लहान होती. २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीनं दहा हजार विजेच्या गाड्यांची निविदा काढली आणि टाटांनी टिगोर दिली. १६.२ किलोवॉट-तासांची बॅटरी, एका चार्जमध्ये कागदावर १४२ किलोमीटर. साहेबांना शहरात फिरायला ठीक. घरची एकुलती एक गाडी म्हणून ती कुणी घेतली नसती.

खरा बदल झाला २८ जानेवारी २०२० रोजी, नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा. बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या मीटरच्या भाषेत तीस युनिटं. किंमत १३.९९ लाखांपासून. कोरी गाडी आखत बसण्याऐवजी पेट्रोल-डिझेलच्या नेक्सॉनच्याच सांगाड्यात तळाशी बॅटरी बसवली आणि ती तापू नये म्हणून तिच्याभोवती द्रव खेळवला. याला तडजोड म्हणता येईल, पण मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. पत्र्याचे साचे तेच, विक्रेते तेच. त्यामुळे किंमत मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीची ५०,०००वी विजेची गाडी पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. विजेसाठीच आखलेल्या नव्या सांगाड्यावरची पंच ईव्ही त्यानंतर, जानेवारी २०२४ मध्ये आली.

या गाडीचं कौतुक कळतं घाटात. आंबा घाट उतरताना पेट्रोलची गाडी ब्रेक तापवत जाते, चढताना जाळलेलं इंधन उतारावर वाया जातं. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट जनित्रासारखी चालते, वेग आवरते आणि बॅटरीत थोडी वीज परत भरते. घाटाखालच्या साखरप्याला पोचेपर्यंत बॅटरीचा आकडा वाढलेला दिसू शकतो.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिल्या नेक्सॉनला ३१२ किलोमीटरचं प्रमाणपत्र होतं. प्रत्यक्ष रस्त्यावर ती दोनशेच्या आसपास जाई. कोल्हापूर-पुणे अंतर साधारण २३० किलोमीटर. म्हणजे वाटेत कुठेतरी थांबणं आलं, आणि हॉटेलबाहेरचा चार्जर चालू आहे का, पुढे किती गाड्या आहेत, ही काळजीही आली. २०२२ मध्ये ४०.५ आणि २०२४ मध्ये टाटांच्याच कर्व्ह गाडीत ५५ किलोवॉट-तासांची बॅटरी मिळाल्यावर ती काळजी कमी झाली, संपली नाही. बॅटरीचा पॅक देशात जुळतो, पण आतले सेल अजून मुख्यतः चीनमधून येतात. गुजरातेत साणंदला टाटा समूह सेलचा कारखाना उभारतो आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीननं मोटरच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध आणले, तेव्हा हे परावलंबन किती खोल आहे ते साऱ्या वाहन उद्योगाला कळलं.

आता आपल्या भट्टीकडे येऊ. ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, पिस्टन हे सगळं विजेच्या गाडीतून जातं. यातलं किती काम कोल्हापुरात होतं, ते इथल्या कोणत्याही कामगाराला विचारा. ब्रेक डिस्क, हब, नकल, डिफरन्शियलचं घर हे लोखंडाचं काम राहतं. मोटरचं घर ॲल्युमिनियमचं असतं आणि ते डायमध्ये दाबानं ओततात. त्याचं यंत्र वेगळं, हात वेगळा.

कोल्हापूरला हे जमणार नाही असं मी मानत नाही. कोक जाळणारे कुपोले मागे टाकून इथल्या फाउंड्र्या विजेच्या इंडक्शन भट्टीवर आल्या, तेव्हाही मिस्त्री नव्यानं शिकलेच होते. ट्रॅक्टर, ट्रक आणि जनरेटरची इंजिनं लगेच बंद पडणार नाहीत, म्हणून आज हाताला काम आहे. मालकांनो, ते काम आहे तोवरच ॲल्युमिनियमचं पहिलं यंत्र बसवा, आणि आपल्या मोल्डरच्या पोराला ते चालवायला शिकवा.