एका विहिरीवरचे दोन पंप : कृषी केंद्रातील राउटरची पर्यायी व्यवस्था

मंगळवार आणि शुक्रवार हे कृषी हवामान सल्ल्याचे दिवस. हवामान विभागाचा अंदाज हाती आल्यावर तज्ज्ञ पीकनिहाय सल्ला तयार करतात आणि तो त्याच दिवशी गावोगावी पोहोचावा लागतो. नेमका तेव्हाच केंद्राचा राउटर बंद पडला, तर फवारणी करावी की थांबावी याचे उत्तर शेतकऱ्याला पाऊस पडून गेल्यावर मिळते.

कार्यालयातील सर्व संगणक बाहेरच्या जगाशी एकाच दारातून बोलतात. त्या दाराचा आयपी पत्ता प्रत्येक संगणकात नोंदलेला असतो. दुसरा राउटर कपाटात आणून ठेवला, तरी कोणी जाणकार येऊन तो जोडेपर्यंत काम थांबलेलेच राहते. ही अडचण दूर करणारे व्हीआरआरपी हे खुले मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन राउटर मिळून एक आभासी पत्ता सांभाळतात आणि संगणकांना तेवढाच ठाऊक असतो. मुख्य राउटर सर्वसाधारणपणे दर सेकंदाला आपण कार्यरत असल्याचा संदेश देतो. हा संदेश थांबला की चार सेकंदांच्या आत दुय्यम राउटर तो पत्ता स्वतःकडे घेतो. मुख्य कोण, हे अग्रक्रमांकावरून ठरते. तो मुळात १०० असतो. मुख्य राउटरला १२० दिला की पुरे. घरगुती वापराच्या स्वस्त राउटरमध्ये ही सोय सहसा नसते, म्हणून खरेदीपूर्वीच चौकशी करावी.

खरी गफलत पुढेच होते. विहीर आटली, तर तिच्यावर दोन पंप बसवून काय उपयोग? दोन्ही राउटर एकाच फायबरवर असतील, तर रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तार तोडताच दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून एक जोडणी फायबरची आणि दुसरी वेगळ्या कंपनीच्या मोबाइल सिमची घ्यावी. वीजपुरवठ्याचेही तसेच, दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर ठेवू नयेत. दोघांना जोडणारा स्विच एकच असेल, तर तोही दुबळा दुवा ठरतो. निदान एक सुटा स्विच हाताशी असावा.

आणखी एक बारकावा आहे. फायबर तुटले तरी मुख्य राउटर स्वतः सुरूच असतो आणि संदेशही देत राहतो. त्यामुळे दुय्यम राउटर जागचा हलत नाही. बाहेरची जोडणी तुटताच मुख्य राउटरचा अग्रक्रमांक आपोआप १०० च्या खाली यावा, अशी देखरेख त्यात लावून घ्यावी लागते. बसवणारे तंत्रज्ञ हे अनेकदा विसरतात. जोडणी बदलताना चालू दूरदृश्य बैठक क्षणभर तुटू शकते, अर्धवट भरलेला अर्ज पुन्हा भरावा लागू शकतो, तेवढे सोसावे.

महिन्यातून एकदा, कामकाज संपल्यावर, आधी फायबरची तार आणि मग मुख्य राउटरची वीज काढून पाहावी. दुय्यम जोडणी निकामी आढळण्याचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते : सिमचे रिचार्ज कधीच संपलेले असते.