नाव तुमचं, भाडं दरवर्षीचं

वेबसाइटचं नाव ‘विकत घेतलं’ असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात ते कुणालाच विकत मिळत नाही. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते, मग नोंदवणारी कंपनी गूगल असो की सांगलीतली हळदीची पेढी. मुदत संपली की पैसे भरा, नाहीतर नाव सोडा. पुण्या-मुंबईतल्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखाच मामला, फक्त घरमालकाचं तोंड कधी दिसत नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे सगळं फुकट होतं. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं, खर्च शून्य. पुढची दहा वर्षं हाच दर राहिला! सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीने मीटर सुरू केलं : दोन वर्षांचे १०० डॉलर. त्यातले ३० डॉलर इंटरनेटच्या विकासासाठी म्हणून बाजूला काढले जात. त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९८ साली दर ७० डॉलरवर आला.

आज डॉट कॉमची किल्ली व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला. डॉट कॉमची नावं आहेत १५ कोटींहून जास्त. गुणाकार तुम्हीच करा, मी केला आणि चहा गार झाला. या दरावर इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेचे काही सेंट, विक्रेत्याचा नफा आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी.

मग ‘फक्त ९९ रुपयांत नाव’ अशा जाहिराती येतात कुठून? पहिल्या वर्षातून. विक्रेता पदरचे पैसे घालून गिऱ्हाईक आत घेतो आणि नूतनीकरणाला वसूल करतो. ठळक आकडा पहिल्या वर्षाचा. खाली करड्या, बारीक अक्षरांत पुढचा दर, तोही कधी कधी कित्येक पट. खरा भाव कळायला सोपी युक्ती आहे. कार्टमध्ये मुदत एका वर्षावरून तीन वर्षं करून बघा, बेरीज लगेच खरं बोलते. नको त्या सेवांवर आधीच केलेल्या टिका काढायला मात्र विसरू नका.

डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक ही शेपटं आपल्या मुंबईकरांची आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. ती चालवणारी रॅडिक्स कंपनी तुरखिया बंधूंच्या डायरेक्टी समूहातून निघाली. दोघा भावांनी १९९८ मध्ये वडिलांकडून २५ हजार रुपये घेऊन धंदा मांडला होता. असं नवं शेपूट मागायचं, तर २०१२ च्या फेरीत नुसत्या अर्जाची फी होती १,८५,००० डॉलर.

पैसे भरायला विसरलात तर? डॉट कॉम लगेच हातचं जात नाही. आधी काही दिवसांची सवलत, बहुतेक ठिकाणी महिनाभराच्या आसपास. मग ३० दिवस नाव ‘सोडवून’ घेता येतं, पण दंड असा की मूळ फी चिल्लर वाटावी. शेवटी पाच दिवस काहीच करता येत नाही आणि त्यानंतर नाव खुलं. चांगल्या नावावर टपलेल्या कंपन्यांची सॉफ्टवेअर ते क्षणार्धात उचलतात.

विसरण्यात मोठेही मागे नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटमेलचं लॉगिन चालवणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरले नाहीत आणि ऐन नाताळात अनेकांना हॉटमेल उघडेना. अखेर एका लिनक्सवाल्या प्रोग्रॅमरने आपल्या क्रेडिट कार्डावरून पैसे भरले. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोटातला माणूस! मायक्रोसॉफ्टने त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला.

२०१५ मध्ये मूळच्या कच्छच्या एका तरुणाला चक्क गूगल डॉट कॉम विक्रीला दिसलं. १२ डॉलर भरले, नाव मिळालं, मिनिटभरात व्यवहार रद्द. गूगलने त्याला बक्षीस दिलं ६,००६.१३ डॉलर; आकडे नीट पाहिले तर त्यात इंग्रजी ‘गूगल’ दिसतं. पैसे दान करायचे म्हणाला, तर कंपनीने रक्कम दुप्पट केली.

सगळ्यात वसूल झालेला खर्च माझ्या मते १०.६९ डॉलरचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस जगभरचे संगणक कुलूपबंद करत सुटला होता. त्याच्या कोडमध्ये एक निरर्थक, लांबलचक वेबपत्ता होता. ब्रिटनमधल्या एका तरुण संशोधकाने तो नोंदवला आणि व्हायरस थंडावला.

उलट टोकाला आहे व्हॉइस डॉट कॉम, २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकलेलं. आपल्याकडे जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार हा अंदाज बांधून दिल्लीच्या एका डेव्हलपरने जिओहॉटस्टार डॉट कॉम आधीच नोंदवून ठेवलं आणि बदल्यात रिलायन्सकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. ते जमलं नाही. नाव पुढे दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते रिलायन्सला फुकट देऊ केलं. पण असली शक्कल लढवण्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा सत्यम इन्फोवे निकाल आठवावा : वेबपत्त्यालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं.

वेबपत्त्याच्या शेपटासाठी देशांच्या वाट्याला आलेली दोन अक्षरं हा निव्वळ नशिबाचा भाग. प्रशांत महासागरातल्या तुवालूला ‘टीव्ही’ मिळालं. हे शेपूट वापरायला देण्याच्या सौद्यातल्या पैशातून या चिमुकल्या देशाने २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं. कॅरिबियनमधल्या अँग्विलाला ‘एआय’ मिळालं १९९५ मध्ये, चॅटजीपीटीचा मागमूसही नसताना. २०२३ मध्ये सुमारे १६ हजार वस्तीच्या या बेटाला त्या दोन अक्षरांनी अंदाजे ३.२ कोटी डॉलर मिळवून दिले, सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. त्या वर्षी दर होता १४० डॉलर, तोही दोन वर्षांचा एकदम. एका वर्षापुरतं मागाल तर मिळणार नाही.