सेव्हर्नपलीकडची सीमा

कोगनोळीच्या माणसाला सीमेचे अप्रूप नसते. टोलनाक्याच्या आसपास पाट्यांची लिपी बदलते, हे आम्ही बालपणीच शिकतो. ब्रिस्टलला बिऱ्हाड थाटल्यावर सेव्हर्न नदीवरील पूल ओलांडून वेल्स पाहावयास निघालो, तो रस्त्यावर ठसठशीत ‘अराफ’! ‘‘हे कोण पुढारी?’’ सौभाग्यवतींचा प्रश्न. उच्चार ‘अरव’, अर्थ ‘सावकाश’. या पुलावर डिसेंबर 2018पर्यंत टोल होता, तोही फक्त वेल्समध्ये शिरताना. बाहेर पडणे फुकट! आमच्या नाक्याने एवढे औदार्य कधी दाखविले नाही.

किल्ले पाहिले, पावसात भिजलो, ते असो. एका परिचिताला भेटावयास रुग्णालयात गेलो, तेथे मात्र थबकलो. स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा बहुधा आधी जाते, हे आपण जाणतोच. शेजारच्या खाटेवरील आजींजवळ आता वेल्शच उरली होती. नारिंगी बिल्ला लावलेली परिचारिका आली (वेल्श जाणणारे कर्मचारी तो लावतात), दोन शब्द बोलली आणि आजींनी दुखरी जागा नेमकी दाखविली. तेथे 2011च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा आहे.

मला आमची आत्या आठवली. बेळगावपलीकडच्या एका दवाखान्यात कन्नड अर्ज हाती धरून ती तासभर बसली होती. पोटात कळ येते की जळजळते, हे डॉक्टरांना सांगावयास अखेर बाहेरचा चहावाला पोरगा बोलवावा लागला.